भाचीला सिस्टर व्हायचंय: क्रम, कागद, शैक्षणिक कर्ज आणि वाडीतला हिस्सा

पापडीची मावशी

जय ख्रिस्त. भाची २१ वर्षांची आहे, जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) शेवटच्या वर्षाला. धर्मभगिनी होऊन आजाऱ्यांची सेवा करायची असं तिच्या मनाने घेतलंय. धर्मगुरूंशी बोलून झालं, त्यांनी घाई करू नकोस एवढंच सांगितलं. आता एका संघाच्या सिस्टरांकडून मे महिन्यातल्या ‘या आणि पाहा’ शिबिराचं बोलावणं आलंय. घरातून विरोध नाही, पण नीट माहिती कुणालाच नाही.

पहिल्या पावलापासून आजीवन व्रतांपर्यंत किती वर्षं जातात? मधे नोकरी किंवा पुढचं शिक्षण करता येतं का? तिच्या नावावर तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे आणि वडील सहकर्जदार आहेत, त्याचं काय? बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं आहे. कुणी म्हणतं हुंड्यासारखी रक्कम द्यावी लागते. आणि मोठा प्रश्न वाडीचा. सातबारा तिच्या वडिलांच्या नावावर आहे. नातेवाईक म्हणतात, जायच्या आधी हक्कसोड लिहून घ्या, म्हणजे मागे कटकट नको. हे बरोबर आहे का?

नंदाखालकर

मावशी, शिबिराला तिला जरूर पाठवा. शिबिर म्हणजे प्रवेश नव्हे, दोन्ही बाजूंनी बघणं असतं. तिथे काही लिहून द्यायचं नसतं, आणि कुणी लिहून मागितलं तर देऊ नका.

क्रमाबद्दल. कॅथलिक धर्मसभेचा सध्याचा कायदा १९८३ चा. त्यातली ६४१ ते ६६१ ही कलमं प्रवेशावर आणि घडणीवर आहेत. त्याशिवाय प्रत्येक संघाचं स्वतःचं संविधान असतं. कायदा किमान आणि कमाल मुदत घालून देतो, नेमका कालावधी संघ ठरवतो. म्हणून ‘किती वर्षं’ याचं उत्तर संघागणिक बदलतं.

आधी कॅन्डिडेट, म्हणजे इच्छुक म्हणून राहणं, मग पोस्टुलन्सी, म्हणजे प्रवेशाआधीची तयारी. या टप्प्याचा तपशील कायदा देत नाही, पुरेशी तयारी झाल्याशिवाय कुणालाही घेऊ नये एवढंच म्हणतो. साधारण सहा महिने ते दोन वर्षं धरा. मुलगी या काळात घरी परत आली तर फक्त निरोप घ्यायचा असतो, परवानगी कुणाचीच लागत नाही.

मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा घडणीचा काळ, आणि इथे नियम फार काटेकोर आहेत. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. लग्न झालेलं असून ते अजून टिकून असेल, दुसऱ्या संघाच्या व्रतांत असेल, किंवा धाकाने, दबावाने, फसवणुकीने आली असेल तर प्रवेशच अवैध ठरतो. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं, तेही नेमलेल्या घरात राहून. बरेच संघ दोन वर्षांचं करतात. दोन वर्षांच्या पुढे ते लांबवता येत नाही. शेवटी सुपिरिअरांना (संघाच्या वरिष्ठ सिस्टरांना) शंका उरली तर फार तर सहा महिने वाढ मिळते.

या बारा महिन्यांत घराबाहेर राहिल्याचे दिवस मोजले जातात. १५ दिवसांपेक्षा जास्त झाले तर ते भरून काढावे लागतात. तीन महिन्यांच्या वर गेले, सलग असोत की तुटक, तर ते नोव्हिशिएट धरलंच जात नाही, पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे लग्न म्हटलं की आठवडा जातो, मग कुणाचं आजारपण, मग सण, आणि ‘चार दिवस पाठवा’ असे फोन सुरू होतात. भावाचं लग्न त्या वर्षात ठरवू नका. मुलीला फार अवघड जातं, कारण नाही म्हणायची वेळ तिच्यावर येते.

नोव्हिसला, म्हणजे नोव्हिशिएटमधल्या मुलीला, संघाच्या घडणीशी थेट संबंध नसलेला अभ्यास किंवा काम देऊ नये असंही कलम आहे (६५२). म्हणजे बी.एस्सी. किंवा वॉर्डातली पूर्णवेळ ड्युटी त्या वर्षात नाही. शिक्षण एक तर आधी, नाही तर पहिल्या व्रतांनंतर. संघ भरवशाचा आहे का हे ओळखायची ही एक खूण धरायला हरकत नाही. नोव्हिसांना रुग्णालयात बिनपगारी मनुष्यबळ म्हणून राबवलं जात असेल तर तिथे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, पारखायला वेळच उरत नाही.

नोव्हिशिएटनंतर पहिली व्रतं: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. वय किमान १८. ही ठरावीक मुदतीची असतात, तीन वर्षांपेक्षा कमी नाही आणि सहापेक्षा जास्त नाही, दरम्यान नूतनीकरण करत जायचं. गरज पडली तर वाढवता येतात, पण एकूण नऊच्या पुढे नाही. त्यानंतर आजीवन व्रतं, त्यासाठी वय किमान २१. भाचीचा हिशेब मांडला तर तयारी दोन, नोव्हिशिएट दोन, तात्पुरती व्रतं पाच ते सहा. तिशी ओलांडेल. काही जणांना हे फार लांबलेलं वाटतं, पण ही लांबी मुलीच्याच बाजूची आहे, प्रत्येक टप्प्यावर तिला ‘नाही’ म्हणायची जागा ठेवलेली आहे.

हुंड्याचं म्हणाल तर जुन्या कायद्यात मठवासी भगिनींसाठी तशी तरतूद होती, १९८३ च्या कायद्यात ती नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण अशी यादी संघ देतात. रोख मागणी झाली तर संविधानातलं कलम दाखवा म्हणून सांगा.

जुना सातबारा

जमिनीचं आधी, कारण चूक तिथेच होते.

एक. वडील हयात आहेत आणि जमीन त्यांच्या नावावर आहे. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. त्यात जन्माने हक्क मिळत नाही. वडिलांच्या हयातीत मुलाला नाही, मुलीलाही नाही. जो हक्क अजून आलेलाच नाही तो सोडायचा कसा? पुढे कधी तरी वारसा मिळेल ही नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट आहे. आता करून घेतलेला हक्कसोडीचा कागद कामाचा नाही, घरात कटुता मात्र त्याने आजपासून येईल.

दोन. वडील मृत्युपत्र न करता गेले तर एक तृतीयांश आईला, उरलेलं मुलांमध्ये समसमान, मुलगा-मुलगी भेद नाही. व्रत घेतलेल्या मुलीला वगळणारं कलम या कायद्यात नाही. वडिलांना वेगळं काही करायचं असेल तर त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र करावं, तो सरळ मार्ग आहे.

तीन. धर्मसभेचा कायदाही तिला पहिल्या व्रतांच्या वेळी मालकी सोडायला सांगत नाही. कलम ६६८ नीट वाचा. पहिल्या व्रतांआधी तिने आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा आणि उत्पन्नाचं काय करायचं ते ठरवायचं. कारभार कुणाकडे द्यायचा हे तीच ठरवते, वडिलांकडे दिला तरी चालतो. मालकी तिचीच राहते. मृत्युपत्र आजीवन व्रतांच्या आधी, आणि ते देशाच्या कायद्यानेही वैध असलं पाहिजे. मालकी कायमची सोडणं ही त्याही पुढची, वेगळी गोष्ट. व्रतांत असताना स्वतःच्या कष्टाने जे मिळेल, पगार, मानधन, पेन्शन, ते मात्र संघाचं.

मृत्युपत्राबद्दल तीन बारकावे. दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही ठेवलं असेल तर तेवढा भाग रद्द होतो, म्हणून ज्या भावाला द्यायचं त्यालाच साक्षीला उभं करू नका. ख्रिस्ती व्यक्तीने नंतर लग्न केलं तर आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, म्हणजे उद्या ती बाहेर पडून संसाराला लागली तर जुना कागद तिच्या आड येत नाही. आणि धर्मादाय कामाला काही ठेवायचं तर मृत्यूच्या १२ महिने आधी मृत्युपत्र झालेलं असावं, ही वारसा कायद्याच्या कलम ११८ ची अट जुने लोक अजून सांगतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवलं.

नावाचा घोळ. प्रवेशासाठी बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि अविवाहित असल्याचा पुरावा लागतो (धर्मसभेच्या कायद्याचं कलम ६४५). त्यासाठी कपाटातला लहानपणीचा दाखला नको, धर्मग्रामातून (पॅरिशमधून) नव्याने उतारा काढा. दृढीकरण, लग्न, आजीवन व्रतं या साऱ्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतच होते, म्हणून ताजा कोरा उतारा हाच अविवाहित असल्याचाही पुरावा ठरतो. बाप्तिस्मा दुसऱ्या गावी झाला असेल तर तिथूनच आणावा लागेल, त्याला वेळ लागतो. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून उताऱ्याला जोडा.

व्रतांच्या वेळी नवं नाव मिळालं तर ते संघात वापरावं. आधार, पॅन, गुणपत्रिका, नर्सिंगची नोंदणी यांवर हात लावू नका. अर्धी कागदपत्रं एका नावाची आणि अर्धी दुसऱ्या नावाची झाली की पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे अडतं.

वॉर्ड नंबर चार

नर्सिंगचं मी सांगते.

जीएनएम पूर्ण होऊ द्या. निकाल लागला की लगेच महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करा, शिबिर नंतरही करता येईल. नोंदणी न करता नोव्हिशिएटला गेली तर बाहेर येईपर्यंत चार वर्षं गेलेली असतात, आणि मग शाळेचे कागद, सह्या गोळा करत फिरावं लागतं. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, ती तारीख नोव्हिशिएटमध्ये येत असेल तर कोण भरणार ते आधी ठरवा. संघाने दुसऱ्या राज्यात पाठवलं तर तिथल्या परिषदेकडे नोंदणी हलवावी लागते, इथलं ना हरकत प्रमाणपत्र घेऊन. नर्सिंग शाळेचं बंधपत्र असेल तर ते पुरं करून मूळ प्रमाणपत्रं हातात घ्या. संघाला साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद घरी राहू देत.

पुढे शिकायचं असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं आहे, त्यालाही नोंदणी लागतेच. हे पहिल्या व्रतांनंतर संघाच्या खर्चाने होऊ शकतं, पण ‘होऊ शकतं’ एवढंच. कुणाला काय शिकवायचं हे संघाच्या गरजेवर ठरतं. आज्ञापालनाचं व्रत इथे प्रत्यक्षात येतं. ऑपरेशन थिएटरची आवड असलेल्या सिस्टरला वृद्धाश्रमात किंवा शाळेच्या वसतिगृहात नेमलं जाऊ शकतं. भाचीला हे शिबिरातच स्पष्ट विचारू द्या: नर्सिंग झालेल्या तुमच्या किती भगिनी आज प्रत्यक्ष नर्सिंग करतात, आणि कुठे? रुग्णसेवा हेच ज्या संघाचं मूळ कार्य आहे तिथे उत्तर वेगळं येईल, शिक्षण हे मूळ कार्य असलेल्या संघात वेगळं.

कर्ज. धर्मसभेच्या कायद्याचं कलम ६४४ सांगतं की फेडता न येणारं कर्ज असलेल्या व्यक्तीला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये. शैक्षणिक कर्जाला साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाची सवलत असते, मग हप्ते सुरू होतात. ती आत गेली तर पगार नाही आणि हप्ता सहकर्जदार म्हणून वडिलांच्या गळ्यात. तीन लाख असतील तर दोन-अडीच वर्षं नोकरी करून फेडता येतात. माझं ठाम मत आहे की तिने तेच करावं. पाचारण खरं असेल तर दोन वर्षांच्या रात्रपाळीने ते जात नाही. त्या काळात संघाच्या सिस्टरांशी संपर्क ठेवता येतो, सुट्टीत त्यांच्या घरी राहता येतं, आणि आजाऱ्याची सेवा म्हणजे काय हे पगाराच्या नोकरीतही कळतंच.

तब्येतीचं लपवू नका. क्षयरोग होऊन गेला असेल, फिट येत असतील, नैराश्यावर औषध चालू असेल, सगळं सांगा. एवढ्यावरून नकार येतोच असं नाही. मानसशास्त्रीय चाचणी घेतात, पण ती तिच्या संमतीने व्हायला हवी आणि अहवाल गोपनीय राहायला हवा, तो तिचा हक्क आहे (कलम २२० आणि ६४२).

जाता जाता, भगिनींनी रुग्णसेवेत असणं आज आपण गृहीत धरतो, पण प्रसूतीचं काम करायला व्रतस्थ भगिनींना रोमकडून सर्वसाधारण मुभा मिळाली ती १९३६ मध्ये. त्याआधी १९२० मध्ये गुंटूरला आलेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी यांना वैद्यकीय काम करण्यासाठी पोपची खास परवानगी लागली होती. त्यांनीच १९४३ मध्ये भारतातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. बाळंतपणात दाराआडच मरणाऱ्या बायका पाहून ज्यांनी ही बंदी उठावी म्हणून अर्ज-विनंत्या केल्या, त्यांच्यामुळे भाचीला आज लेबर रूममध्ये उभं राहता येईल. तिला हे सांगा.

पापडीची मावशी

देव बरं करो सगळ्यांचं. हक्कसोडीचा विषय आजच घरात बंद केला. कर्ज फेडून मग जायचं हे भाचीलाही पटलंय. तिच्या वडिलांचा एकच प्रश्न राहिलाय, तो ते स्वतः कुणाला विचारत नाहीत: नाहीच जमलं तर पोरीला परत येता येईल ना? आणि आली तर हातात काय असेल?

नंदाखालकर

येता येतं, आणि त्यात पाप नाही, हे त्यांना निक्षून सांगा.

नोव्हिस कधीही बाहेर पडू शकते. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की नूतनीकरण न करता घरी येता येतं, कुणाच्या परवानगीविना. मुदत चालू असताना निघायचं असेल तर गंभीर कारण देऊन संघाच्या सर्वोच्च सुपिरिअरकडे अर्ज करायचा, सल्लागार मंडळाच्या संमतीने त्या मोकळं करतात. संघ बिशपांच्या अधिकाराखालचा असेल तर पूर्वी बिशपांची मान्यताही लागायची, २०२२ च्या बदलानंतर ती लागत नाही. आजीवन व्रतांनंतर मात्र हे जड आहे. पोपच्या अधिकाराखालच्या संघात रोमची परवानगी लागते. म्हणून संघ कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्याच भेटीत विचारा.

संघही नूतनीकरण नाकारू शकतो, पण योग्य कारण असेल तरच. आजारपणाबद्दल एक संरक्षण आहे, कलम ६८९. पहिल्या व्रतांनंतर आलेलं आजारपण संघाच्या निष्काळजीपणामुळे किंवा संघाच्या कामातून आलेलं असेल, तर त्या कारणावरून तिला काढता येत नाही. नर्स असलेल्या मुलीला हे माहीत असावं.

हातात काय, याचं उत्तर कडू आहे. बाहेर पडणाऱ्या भगिनीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही (७०२). त्याच कलमात संघाने न्यायाने आणि ख्रिस्ती प्रीतीने वागावं असंही आहे, पण रक्कम लिहिलेली नाही. काही संघ चांगली मदत करतात, काही जेमतेम बसभाडं. म्हणून वर सांगितलेली नोंदणी आणि मूळ कागद इतके महत्त्वाचे. चालू परवाना असलेली नर्स पुढच्या महिन्यात कामाला लागते.

जुना सातबारा

एक भर. अनुदानित शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्या सिस्टरांच्या पगारातून उगमस्थानी करकपात (टीडीएस) होते. पगार संघाकडे जातो म्हणून ती करू नये हा दावा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला. तेव्हा पॅन आणि विवरणपत्र तिच्याच नावाने चालू राहील. संघाची कचेरी ते भरते, पण लॉगिन आणि मोबाईल क्रमांक तिच्या हातात असू दे.

केडगावकडची

सलाम. मावशी कॅथलिक आहेत, पण इतर मंडळ्यांच्या मुलीही हे वाचतील, म्हणून थोडं.

सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेकडच्या सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ साली नंद्यालला पहिल्या स्त्री बिशप झाल्या, ई. पुष्पा ललिता. वाट अशी: स्वतःच्या मंडळीत सक्रिय सभासदत्व, पाळकीय समितीची शिफारस, धर्मप्रांताच्या मंडळापुढे मुलाखत, मग सेमिनरी, म्हणजे पाळकांना घडवणारं कॉलेज. सेरामपूर सिनेटची बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, पदवीधरांसाठी चार वर्षांची असते. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ पर्यंत ती यवतमाळला होती. परत आल्यावर उमेदवारीचा काळ, आधी डीकन (पाळकाच्या आधीची पायरी), मग पाळक.

चूक होते ती शिफारशीत. मुली स्वतःच्या खर्चाने बी.डी. करतात, आणि धर्मप्रांताने त्यांना उमेदवार म्हणून आधी मान्य केलेलं नसतं. चार वर्षांनी पदवी हातात, नेमणूक नाही. सेमिनरीचा अर्ज भरण्यापूर्वी धर्मप्रांताचं प्रायोजकत्वाचं पत्र लेखी घ्या. जीएनएम ही पदविका आहे, पदवी नाही, म्हणून त्या मुलींनी प्रवेशाची पात्रताही कॉलेजकडून लेखीच मागावी.

आणि ना व्रत ना दीक्षा, अशीही वाट आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, तेव्हा त्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहत होत्या. संघात त्या गेल्या नाहीत. मुलगी मनोरमा सोबत होती, आणि बाईंना स्वतःच्या समजुतीने काम करायचं होतं. पुढे शारदा सदन झालं, १८९६ च्या दुष्काळानंतर निराधार स्त्रियांसाठी केडगावची मुक्ती ही संस्था उभी राहिली. हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. ते १९२४ ला पूर्ण प्रसिद्ध झालं, बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी.

नंदाखालकर

कॅथलिकांतही तशी जागा वाढते आहे. जानेवारी २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर दिली जातात, त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचंही पद आलं. बिशपांच्या हस्ते कौमार्यसमर्पण करून, स्वतःची नोकरी ठेवून स्वतःच्या घरी राहणाऱ्या स्त्रियाही आहेत (धर्मसभेच्या कायद्याचं कलम ६०४). भाचीने संघात जायच्या आधी या वाटांची माहिती करून घ्यावी, म्हणजे निवड डोळस होईल.

शिबिराला जाताना तिच्याबरोबर वहीत हे लिहून द्या: संघ पोपच्या अधिकाराखालचा की बिशपांच्या, नोव्हिशिएटचं घर कोणत्या राज्यात, भाषा कोणती शिकावी लागेल, घरी किती वर्षांनी आणि किती दिवस सोडतात, फोन कधी, आजारी व म्हाताऱ्या सिस्टरांची सोय कुठे आहे. हे शेवटचं घर पाहायला मिळालं तर पाहायलाच सांगा. तिथल्या सिस्टरांजवळ अर्धा तास बसून बोलली तर संघाबद्दल जे कळेल ते माहितीपत्रकात नसतं.